नुसतं बघणारं गिऱ्हाईक

दुकानात शिरून "मी नुसतं बघतेय" असं सांगायची आपल्याकडे पद्धत नाही. सांगितलंच कोणी, तर दुकानदार हसतो, म्हणतो, "बघा की, बघायचे कुठं पैसे पडतात," आणि तेवढ्यात चहा सांगून मोकळा होतो. चहा पोटात गेला की माणूस भिडेला पडतो. भर मे महिन्यात लोकरीची शाल घेऊन घरी आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यात माझे यजमानही होते.

इंग्रजीत मात्र हे वाक्य दुसऱ्याच धड्यात येतं. जस्ट लुकिंग, थँक यू. मी नाशिक रोडला वीसेक वर्षं बोलक्या इंग्रजीचे वर्ग घेतले आणि या एवढ्याशा वाक्यानं माझा जेवढा घाम काढला तेवढा कशानंच काढला नाही. शब्द सगळ्यांना पाठ व्हायचे. म्हणायची वेळ आली की जीभ अडायची. "मॅडम, तोंडावर कसं म्हणायचं हो?" असं म्हणून बायका पदर सावरायच्या.

माझा वर्ग पिठाच्या गिरणीच्या वर होता. खाली दळण सुरू असलं की "हाऊ मच इज धिस?" हे ओरडून विचारावं लागे. त्यामुळे माझे विद्यार्थी जगात कुठंही गेले तरी त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, त्याचं श्रेय मी घेत नाही, गिरणीला देते. येणारी मंडळी सगळ्या प्रकारची. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, परदेशी मुलाकडे निघालेल्या आया, हॉटेलात नाहीतर मॉलमध्ये नोकरी शोधणाऱ्या मुली, अधूनमधून विंचूर-लासलगावकडचा एखादा व्यापारी. यातल्या कुणालाच साहित्य वाचायचं नव्हतं. दुकानात गेल्यावर फजिती होऊ नये, एवढीच सगळ्यांची मागणी. म्हणून मी व्याकरणाचं पुस्तक कपाटात टाकलं आणि वर्गात दुकान मांडलं.

दुकान म्हणजे एक आडवं टेबल. त्यावर घरून आणलेला साबण, छत्री, कांदे, टॉर्चचे सेल, दोन साड्या, एक जुना कुर्ता. एकानं टेबलामागं उभं राहायचं, एकानं पुढून यायचं. विचारा, सांगा, घ्या, नाहीतर घेऊ नका, आणि जा. यात शब्द फारसे शिकवावे लागत नाहीत. साइज, कलर, बिल, सेल, डिस्काउंट हे आपली आजीसुद्धा बोलते. शिकवावी लागते ती रीत. प्रेसमधले एक निवृत्त गृहस्थ पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "पैसे मी देणार, माल त्याचा खपणार, आणि थँक यू मी म्हणायचं?" मी म्हटलं, तिथं दोघंही म्हणतात. "मग ठीक आहे," ते म्हणाले, "फिट्टंफाट." आणि पुढे इमानदारीत म्हणायला लागले.

विंचूरच्या एका कांदा व्यापाऱ्याची वेगळीच तऱ्हा. त्याला परदेशी गिऱ्हाइकाशी फोनवर बोलायचं होतं. मी विचारायची, "हाऊ मच इज धिस?" आणि तो गप्प. भाव माहीत आहे, आकडे येतात, तरी गप्प. शेवटी म्हणाला, "मॅडम, आधी भाव बोलणारा बुडतो. त्यालाच बोलू द्या ना." सहा आठवड्यांचा वर्ग त्यानं पुरा केला, पण पहिला भाव त्याच्या तोंडून मी ऐकला नाही. पुढं त्याचा माल दुबईला गेला म्हणे, म्हणजे कोणीतरी आधी बोललं असणार.

आणि एक काकू होत्या. सहा महिने लेकीकडे परदेशी राहून आल्या. "आय वॉन्ट टू रिटर्न धिस" हे वाक्य मीच शिकवलेलं. तिकडे घेतलेली वस्तू परत करता येते, तीही वापरून, याचं त्यांना इतकं अप्रूप वाटलं की त्यांनी कढई परत केली, चपला परत केल्या, जावयाचं जाकीटही त्याला न विचारता परत केलं. इथं आल्यावर तोच प्रयोग त्यांनी मेन रोडच्या दुकानात एका मिक्सरवर केला. दुकानदार म्हणाला, "काकू, पाया पडतो तुमच्या." काकूंनी पाया पडू दिलं आणि मिक्सर तिथंच ठेवून आल्या. त्यांचा मला अजून अभिमान आहे.

पण लिहायला बसले ते आप्पांसाठी.

आप्पा म्हणजे आमच्याच भागातल्या एका कापड दुकानाचे मालक. सत्तरीला टेकलेले, पांढरा शर्ट, पांढरी विजार, आणि अंगठ्याला कात्रीनं पडलेला घट्टा. एक दिवस गिरणीचा जिना चढून, धाप टाकत वर आले.

"मॅडम, इंग्रजी शिकायचंय."

"कुठं निघालात? मुलगा परदेशात आहे का?" मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"नाय हो. मुलगा दुकानातच हाये. त्याच्याकडंच जायचंय."

मग सगळं सांगितलं. मुलगा महेश, त्यानं दुकान नव्यानं करायला काढलं होतं. गादी जाणार, तक्के जाणार, काचेचं दार येणार, कपडे हँगरला लटकणार, भाव चिठ्ठीवर छापलेला. आसपास नव्या इमारती झाल्या, तिथली पोरंपोरी हिंदीत नाहीतर इंग्रजीत बोलतात. त्यांना कोणी मागं लागलेलं खपत नाही. महेशनं बापाला स्वच्छ सांगितलं होतं: आप्पा, एकतर या लोकांशी त्यांच्या पद्धतीनं वागा, नाहीतर घरी आराम करा. 'आराम' हा शब्द आप्पांनी असा उच्चारला, जणू डॉक्टरनं दुखण्याचं नाव सांगितलंय.

"पन्नास वर्षं त्या दुकानात उभा हाये मी," ते म्हणाले. "घरी बसून काय करू? भिंतीला माल दाखवू?"

म्हणजे त्यांना भाषा नको होती, काउंटरमागची जागा हवी होती. असा विद्यार्थी शिकवायला सगळ्यात सोपा. आणि आप्पा भराभर शिकलेही. कॉटन, सिल्क, प्लेन, चेक्स, लायनिंग, फॉल असं एकेक मी फळ्यावर लिहीत गेले तसे हसायला लागले. "मॅडम, हे तर सगळं मी रोज विकतो. इंग्रजीचा धंदा पन्नास वर्षं केला की मी, नुसतं बोललो नाय." "मे आय हेल्प यू" त्यांना आवडलं. "ट्राय इट ऑन" आवडलं. "इट सूट्स यू" हे तर त्यांनी पहिल्या फटक्यात असं म्हटलं, की वर्गातल्या वैशालीनं माझा जुना कुर्ता खरंच विकत मागितला. वैशाली इगतपुरीकडची, रिसॉर्टमधल्या दुकानात काम मिळवायच्या खटपटीत होती. चुणचुणीत पोरगी. गिऱ्हाइकाचं काम मी बहुतेक वेळा तिलाच द्यायचे.

गाडी अडली ती अर्थातच दुसऱ्या धड्यावर. वैशाली टेबलापुढं आली, दोन साड्यांना हात लावून म्हणाली, "जस्ट लुकिंग, थँक यू," आणि वळली. यावर आप्पांनी म्हणायचं होतं, "नो प्रॉब्लेम, हॅव अ नाइस डे." आप्पांनी साडी उलगडली. सरळ टेबलावरून खाली सोडली, पदर तिच्या हातावर टाकला आणि मराठीत सुरू झाले, "ताई, रंग बघा तर खरं. घेऊ नका, नुसता हात लावून बघा."

वर्ग हसला. मी म्हटलं, आप्पा, तिला जाऊ द्यायचं. पुन्हा केलं. पुन्हा साडी. तिसऱ्यांदा कुर्ता. चौथ्यांदा वैशालीऐवजी दुसरी बाई आली, तिलाही त्यांनी सोडलं नाही. शेवटी वैशालीनं गंमत म्हणून साबणाची वडी उचलली, "ओके, आय विल टेक धिस," म्हणाली. आप्पांनी खोटे पैसे घेतले, डोळ्यांना लावले, टेबलाच्या खणात टाकले. आणि त्यानंतर जो येईल त्याला हसून म्हणायला लागले, "नो प्रॉब्लेम, हॅव अ नाइस डे." दहा जण आले, दहाही रिकामे गेले. आप्पांचा उच्चारसुद्धा चुकला नाही.

मला उलगडा व्हायला दुसरा दिवस लागला. पुन्हा तोच प्रकार झाला. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक काहीतरी घेतल्याशिवाय ते जाऊ देत नव्हते. एकदा भवानी झाली, मग कोणी घ्या न घ्या.

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. व्यापारपेठेत वाढलेल्याला हे सांगायला नको, पण हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे लक्ष्मी. तिला विन्मुख पाठवलं तर दिवस फुकट जातो. म्हणून पहिल्या गिऱ्हाइकाला दोन पैसे कमी घेऊन, प्रसंगी पदरचे घालून माल द्यायचा, पण द्यायचा. मुरलेली गिऱ्हाइकं त्यासाठी मुद्दाम दुकान उघडायच्या वेळेला यायची.

"आप्पा, हा वर्ग आहे," मी म्हटलं. "दुकान नाही."

"टेबलामागं उभा राहिलो की दुकानच, मॅडम."

"आणि तिला नकोच असेल तर?"

"तिला नको, बरोबर. पण मला पायजे ना."

इंग्रजीच्या कुठल्याच पुस्तकात याला उत्तर नाही. मी सोडून दिलं. म्हटलं, खऱ्या दुकानात उभे राहिले की येईल अंगवळणी.

नाही आलं. दसऱ्याला नवं दुकान सुरू झालं आणि आठ दिवसांत महेश माझ्याकडे आला. मला वाटलं फी परत मागतोय. पण मुलगा सज्जन होता, चप्पल बाहेर काढून आत आला, खुर्चीच्या टोकावर बसला. आदल्या दिवशी सकाळी एक मुलगी दुकानात आली होती. कानात गाणी, हातात फोन. दोन हँगर इकडचे तिकडे केले, "जस्ट लुकिंग" म्हणाली. आप्पा आधी अगदी माझ्या धड्याप्रमाणे बोलले. ती दाराकडे वळली आणि आप्पांचा धीर सुटला. पाच कुर्ते काढले. ती बाहेर पडली, तर हे कुर्ता घेऊन पायऱ्या उतरले, रस्त्यापर्यंत मागं गेले, भाव निम्म्यावर आणला. ती घाबरली. तिनं घाईघाईनं फोनवरून पैसे पाठवले, कुर्ता घेतला आणि गेली. संध्याकाळी इंटरनेटवर दुकानाच्या नावाखाली लिहिलं, की इथले अंकल मागं लागतात, मुलींनी एकट्यानं जाऊ नये.

"मॅडम, आप्पांबद्दल असं लिहिलंय," महेश म्हणाला. "आजवर गल्लीतल्या प्रत्येक लग्नाचा बस्ता त्यांनी बांधला, आणि आता हे. मी त्यांना वाचून दाखवलं नाही. पण आता नाही जमणार. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत बघतो. पुन्हा असं झालं तर घरीच बसवणार. तेच बरं त्यांच्यासाठी."

मी सुचवलं, त्यांना जरा उशिरा बोलवा, पहिली विक्री झाल्यावर. महेश हसला. "दुकान कोण उघडतं माहितीये ना? किल्ली त्यांच्या कंबरेला असते. मी पोचेपर्यंत झाडून, दिवा लावून उभे असतात."

तरी मी आप्पांशी बोलले. ती मुलगी घाबरली होती, एवढंच सांगितलं. लिहिलेलं सांगितलं नाही. आप्पांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. "मला नात हाये तिच्या वयाची," ते म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "ते फोनवरचे पैसेही काय खरे नाय. तो डबा बोलतो, इतके रुपये प्राप्त झाले. नोट असली की डोळ्याला लावतो. डब्याला काय नमस्कार करू?"

मी म्हटलं, आप्पा, नमस्काराचं राहू द्या. पाडव्यापर्यंत एकही गिऱ्हाईक अडवलंत तर महेश तुम्हाला घरीच बसवेल. मला तुमची काळजी वाटते. हे मी मनापासून म्हटलं, कारण खरंच वाटत होती. माणूस घरी बसला की सहा महिन्यांत कसा होतो ते मी माझ्याच घरात पाहिलंय.

त्यानंतर आप्पा वर्गाला आले नाहीत. मी समजले, रागावले. दिवाळी तोंडावर आली होती, कापडवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, असंही मनाला सांगितलं. आणि एक दिवस महेशचा फोन.

"मॅडम, काय जादू केलीत?"

आप्पा सुधारले होते. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक आलं, नुसतं बघून निघालं, तर आप्पांनी स्वतः दार उघडून धरलं आणि "हॅव अ नाइस डे" म्हणाले. एकदा नाही, रोज. गिऱ्हाइकं खूश. एका मुलीनं तर त्यांच्याबरोबर फोटो काढला. दुकानाच्या नावाखाली आता लिहून आलं होतं, स्वीट अंकल. महेश म्हणाला, पाडव्याचं सोडा, आता ते म्हणतील तितकी वर्षं उभे राहोत.

मला किती बरं वाटलं ते लपवत नाही. दोन दिवस मी वर्गात मिरवलं. सांगितलं, बघा, पन्नास वर्षांची सवय मोडता येते, सराव पाहिजे. वैशालीच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिला हे पटलेलं नाही, पण तिनं मान हलवली. मॅडमना दुखवायचं नाही एवढी रीत तिला होती.

दिवाळी उरकल्यावर आप्पा जिना चढून आले. हातात पेढ्यांचा पुडा, आणि दुकानाची एक नवी पिशवी. पिशवी माझ्यापुढं ठेवली. उघडली तर आत रुमाल. पुरुषांचे, पांढरे, कडेला निळी रेघ. खूप होते.

"आप्पा, एवढे रुमाल मी काय करू?"

"वापरा. वाटा. आमच्या हिनं घरात ठेवायला नाय म्हटलंय. कपाट भरलं तिचं."

मला काही कळेना. आप्पांनी बाहेर कोणी ऐकत नाही ना याची खात्री केल्यासारखं दाराकडे बघितलं, मग खुर्ची पुढं ओढली.

"मॅडम, दुकान उघडतो. झाडतो, दिवा लावतो. मग बाहेर जातो, पायरीवर. चप्पल घालून परत आत येतो, गिऱ्हाईक येतं तसा. एक रुमाल घेतो. खिशातली नोट काढतो, काउंटरमागं जातो, डोळ्याला लावतो, गल्ल्यात टाकतो. झाली भवानी. मग कोणी येवो, कोणी जावो. नो प्रॉब्लेम."

त्यांनी ते 'नो प्रॉब्लेम' किती चांगलं म्हटलं. मी शिकवलं होतं त्याहून चांगलं.

"रोज?" मी विचारलं.

"रोज. सगळ्यात स्वस्त रुमालच हाये."

"आपल्याच दुकानात आपलीच भवानी देवाला चालते का पण?"

"चाललंच म्हणायचं. दिवाळी बरी गेली की."

"आणि भाव कमी करता का हो स्वतःला?"

"नाय, नाय," आप्पा गंभीरपणे म्हणाले. "आता फिक्स रेट हाये."

मी हसले. तेही हसले. माझ्या शिकवण्याचा मोठेपणा तिथल्या तिथे उतरला होता, पण त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. त्यांची जागा राहिली होती, आणि तीही त्यांनी आपल्या हिशेबानं राखली होती. एक रुमाल मी ठेवून घेतला, बाकीचे वर्गात वाटायचं कबूल केलं. मग विचारलं, महेशला ठाऊक आहे का?

"त्याला कशाला सांगू? हसेल. नाहीतर म्हणेल, हे काय लावलंय." आप्पा उठले. जिन्याच्या कठड्याला हात लावून थांबले. त्यांना काहीतरी आठवलं होतं. "एक गंमत झाली मात्र. रुमालाचं खोकं खालच्या कप्प्यात असायचं, पार तळाला. मागच्या आठवड्यात बघतो तर महेशनं ते वर आणून गल्ल्याशेजारी ठेवलेलं. मी म्हटलं, हे इथं कशाला? तर म्हणाला, आप्पा, सकाळी सकाळी तुम्हाला वाकावं लागू नये."

एक पायरी उतरून ते वळले.

"त्याला कुणी सांगितलं, मी वाकतो म्हणून?"

नव्या दुकानात काउंटरच्या बरोबर वर महेशनं कॅमेरा बसवलाय, तो मी दसऱ्यालाच पाहिला होता. आप्पांना बहुधा तो दिवा वाटत असावा. मी म्हटलं, "मुलगा आहे, आप्पा. कळतं त्याला," आणि त्यांना सांभाळून उतरा म्हणाले, कारण खाली दळण संपलं होतं आणि जिन्यावर पीठ सांडलेलं होतं.